तबकडीची दुसरी बाजू

बहात्तरच्या दुष्काळात उमापूरला सोसायटीच्या गोदामाकडं जाणाऱ्या रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं. माणसांचे हात चालते राहावेत म्हणून पाशा लाऊडस्पीकरवाल्याला गाणी लावायला बसवलं होतं.

त्याच्याकडं एक विलायती तबकडी होती. वेरूळला निघालेल्या कुण्या जटाधारी गोऱ्यानं ती तांब्याभर पाण्याच्या बदल्यात दिलेली. त्यात गिटारी किंचाळायच्या आणि मधूनच कुणीतरी खोल आवाजात म्हणायचं, “नेति, नेति.”

“आश्रुबा, काय म्हणतोय त्यो?” पाशानं मुकादमाला विचारलं.

“संस्कृत हाय बे. हे न्हाई, हे बी न्हाई म्हणतोय. लाव तू, हातोडे लई झपाझप पडतेत.”

त्या दुपारी पाशानं पहिल्यांदाच तबकडी उलटी केली.

या बाजूला गिटार नव्हतीच. नुसते हातोडे खडीवर पडत होते. मग तोच आवाज आला, “नेति, नेति.” एक हातोडा थांबला, आणि भोंग्यातून कामावरच्या छबुबाईची हाक आली, “मुक्ते, कुठं हायेस गं?”

पाशानं झटकन सुई उचलली आणि राहुटीबाहेर डोकावला. छबुबाई मुकाट खडी फोडत होती. तिला खेटून तिची लेक मुक्ता बसली होती. भोंग्यातून एवढी हाक गेली, तरी कुणी मान वर केली नव्हती.

पाशाचा जीव भांड्यात पडला. तबकडी वेष्टनात घालायला तो आत वळला.

मागं एक हातोडा थांबला.

“मुक्ते,” छबुबाईची हाक आली, “कुठं हायेस गं?”