पाच हजार गाठी

"पोटावर तीनच भोकं, तांदळाच्या दाण्याएवढी," डॉक्टर वैजयंती गावितांनी नऊ दिवसांच्या बाळाच्या आईला सांगितलं होतं. दुर्बिणीतून होणाऱ्या अशा ऑपरेशनाच्या सरावासाठी त्या त्याआधी सहा महिने जेवणाच्या जुन्या डब्याला भोकं पाडून, आत लांब चिमटे घालून दोऱ्याच्या गाठी मारत होत्या. पाच हजार मारल्या.

ऑपरेशनात मात्र आतड्यावरची गाठ दोनदा सुटली.

"ऑक्सिजन उतरतोय," भूलतज्ज्ञ म्हणाले.

तिसऱ्यांदा मारायला हात शिवशिवत होते. तरी वैजयंतींनी चिमटे बाहेर काढले. "पोट उघडून करू."

बाळ वाचलं. चार बोटं लांब पट्टी पाहून आईचे डोळे भरले.

"मोठं कापावं लागलं," वैजयंती म्हणाल्या.

"असू दे. वॉर्ड डोक्यावर घेतलाय बघा त्यानं."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा पुढे ओढून वैजयंती पुन्हा एकपासून मोजू लागल्या.