ठिपक्याभोवतीचा गोल

आमच्या भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत एक ठिपका आहे आणि त्याभोवती ह्यांनी पेनानं गोल काढलाय. तो ठिपका म्हणजे आमची लेक. भारताकडून ती वर्षानुवर्षं रिले धावली, पण कायम तिसरी. चौथीच्या हातात बॅटन दिली की हिचं काम संपलं. फोटो निघतात शेवटच्या रेषेवर, तेव्हा ही मागे वळणावर धापा टाकत उभी.

“पदक हिलाही देतात ना हो?” शेजारच्या मालूताई दर वेळी विचारायच्या.

निवृत्तीच्या शर्यतीआधी प्रशिक्षक म्हणाले, “या वेळी शेवटी तू धाव.” एकदाचा चेहरा दिसणार म्हणून ह्यांनी मोठी फ्रेम आणून ठेवली.

टीव्हीवर आम्ही बघत होतो. हिनं बॅटन घेतली, पुढच्या दोघींना मागे टाकलं आणि पहिली आली. पण थांबेचना. बॅटन पुढे धरून धावतच राहिली. शेवटी समोर वाकलेल्या एका फोटोग्राफरच्या हातात “घे!” म्हणून ती कोंबली, तेव्हा कुठे थांबली.

“आई, पुढे कोणीच नव्हतं गं,” रात्री फोनवर म्हणाली. “मला सुचेचना.”

“बरं केलंस. तोही बिचारा कधीचा वाकून उभा होता.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बॅटन धरून भांबावलेला फोटोग्राफर आणि त्याच्या कोपरामागे आमच्या लेकीचा कान.

ह्यांनी पेनाचं टोपण काढलं.