हरकतीचा अर्ज

"लग्नाची नोटीस महिनाभर फळ्यावर टांगायची आणि गावाला हरकत घ्यायला बोलवायचं, हा तुमचाच उद्योग ना, साहेब?" धुळ्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात करुणा कडाडली. देवपूरच्या बौद्ध वस्तीतली ही शिकवणीची बाई विधुर जहागीरदारांच्या लेकीला शिकवायला गेली आणि त्यांच्यावरच जीव जडवून बसली. साहेबांनी हरकतीचा अर्ज पुढे सरकवला. अंगठा जहागीरदारांच्या आईचा; अक्षर लेकीचं, करुणानेच वळण लावलेलं. लिहिलं होतं, माझा मुलगा वेडा आहे, लग्नाला लायक नाही. जहागिरी कधीच गेली, तरी साहेब तिच्या शेजारच्या जहागीरदारांना उभे राहून म्हणाले, "सरकार, वेडा नाही एवढं लिहून द्या, हरकत फेटाळतो." जहागीरदारांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "आईसाहेबांना खोटं कसं पाडू? वेडा तर वेडा." करुणाने अर्ज त्यांच्यापुढे आपटला. "मग मला मागणी कुणी घातली, वेड्यानं की शहाण्यानं? बोला!"