वर्गात पहिला आलेला अहवाल

विद्यापीठाच्या बैठकीला पाळणाघरवाल्या मावशींना मानानं बोलावलं होतं. वस्तीत काम करून शिकायच्या अभ्यासक्रमाला पुढची तीन वर्षं निधी मिळावा, म्हणून प्राध्यापकबाई जीव तोडून बोलत होत्या. "गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी या मावशींच्या पाळणाघरातल्या नळाचं पाणी तपासलं. हा अहवाल वर्गात पहिला आला!" अहवाल हातोहात फिरत मावशींपाशी पोचला. त्यांनी कौतुकानं शेवटचं पान उघडलं. पाण्यात शिसं आहे, लहान मुलांना देऊ नये, असं तिथं ठळक छापलं होतं. मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "बाई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!" प्राध्यापकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, विद्यार्थ्यांनी सांगितलं असेल..." मावशींनी पाळणाघरात सुनेला फोन लावला. "पोरांना नळाचं पाणी देऊ नकोस गं, त्यात विष आहे!" "आई, कधीपासून?" मावशींनी फोन प्राध्यापकबाईंपुढे धरला. "तुम्हीच सांगा."