न सापडलेलं दुखणं

दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला टिपरेकाकांच्या बरगडीखाली बसवलेला पोर्ट नावाचा चिमुकला पंप कॅन्सरचं औषध थेट यकृतात सोडायचा. इस्पितळाची पायरी चढायला नको. दुखलं तर कळही तोच थांबवायचा, असा शहाणा! फक्त काकांनी ‘दुखतंय’चं बटण दाबलं आणि पोर्टला दुखणं सापडलंच नाही, तर मात्र तपासायला सिस्टर घरी यायची.

सात गुरुवार पद्मजा सिस्टर येत होती.

“कुठं दुखतंय, काका?”

“इथंच कुठंतरी.”

ती पोट दाबून बघायची. मग दोघं निवांत चहा प्यायची.

आजही एकट्या राहणाऱ्या काकांनी दोन कप चहा ओतला आणि बटणाकडे हात नेला. तेवढ्यात बरगडीखाली खरोखरीची कळ आली. त्यांनी कसंबसं बटण दाबलं. मिनिटभरात कळ गेली. बटणाशेजारच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘दुखणं थांबवलं आहे. भेटीची गरज नाही.’

काकांनी तिला फोन लावला. “सिस्टर, या ना. चहा ओतून ठेवलाय.”

पोर्टची नोंद तिच्याकडे आलीच होती.

“कशी येऊ, काका? आज तुम्हाला खरंच दुखलं ना.”