माणसं नसलेलं बेट

“तिथं माणसं किती असतात?” सुकन्यानं विचारलं.

सकाळपासून प्रत्येक बेटाला तिचा हा एकच प्रश्न होता. लॅपटॉपवर निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं सरकत होती. अंदमान तिनं गर्दीचं म्हणून खोडलं. मालदीवची दोन बेटं विमानतळाला जवळ म्हणून. सिद्धाराम चिडला नाही. दीड वर्षात बायको जिन्याची एक पायरी उतरली नव्हती. कोरोनाची दुसरी लाट ओसरली, शेजारचे लग्नकार्याला जाऊ लागले, तरी ती दाराला आतून कडी लावून बसायची. तो दुकानातून आला की त्याचं ताट टीपॉयवर ठेवून आत निघून जायची. आज तीच आपणहून म्हणाली होती, कुठंतरी मोकळ्या हवेत जाऊ या. बऱ्याच महिन्यांनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली होती.

“हे शेवटचं,” तो म्हणाला. “अख्खं बेट रिकामं आहे म्हणे. रिसॉर्ट पुढच्या महिन्यात उघडणार, पहिले आपणच. तिथला माणूस आपल्याकडचा आहे, मंगळवेढ्याचा. एजंटनं नंबर दिलाय.”

त्यानं मोबाईल सुपारीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एक काळासावळा, दाढी वाढलेला चेहरा दिसला. अंगावर मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

“नमस्कार. ज्ञानबा बोलतोय. बोला की.”

आपली बोली ऐकून सुकन्या हसली. “तिथं किती माणसं आहात हो?”

“कामाला अठ्ठावीस हुतो मॅडम. बोट आली, सगळी आपापल्या गावाला गेली.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, हितं बरं हाय. कुणी येत न्हाय, जात न्हाय.”

त्यानं फोन फिरवून बेट दाखवलं. खोल्या उघड्या होत्या, पलंगांवर ताणून घातलेल्या चादरी. जेवणाच्या हॉलमध्ये चाळीसेक टेबलं, प्रत्येकावर ताटल्या, चमचे, पालथे ग्लास.

“पाहुणे यायला अजून महिना आहे ना?” सिद्धारामनं विचारलं.

“रोज मांडतो आन् रोज धुतो. सवय मोडाय नगो.”

मग किनारा दिसला. लांबपर्यंत वाळू सपाट होती. एका ठिकाणी खराटा पडला होता.

“किती स्वच्छ आहे,” सुकन्या म्हणाली.

“पाऊल उठलं की पुसतो मॅडम.”

“कुणाचं पाऊल?”

“माझंच असतंय. पण सकाळी उठून बघितलं की छातीत धस्स होतंय. वाटतं, कोनतरी आलं.”

सिद्धाराम हसला. सुकन्या हसली नाही. ती फोनकडे आणखी वाकली. “सामान कसं येतं मग?”

“बोटवाला धक्क्यावर टाकून जातो. तो जाईस्तवर मी झाडीत बसतो. मग तीन दिवस पोती उन्हात ऱ्हाऊ देतो.”

“आम्हीपण! किराणा तीन दिवस गॅलरीत असतो आमचा,” ती म्हणाली. “हे म्हणतात, मी उगाच करते.”

“उगाच न्हाय मॅडम. तीन दिवस पायजेतच.”

सुकन्यानं मान डोलावली, पडद्यावर त्यानंही. सिद्धारामला मध्येच बोलावंसं वाटलं.

“गावाकडं कोण कोण आहे तुमच्या?”

“मंडळी हाय. दोन पोरं हायती.”

“बोलणं होतं की रोज?”

ज्ञानबानं मागं वळून समुद्राकडं पाहिलं. “पयलं व्हायचं. मग एकदा धाकटं फोनवर खोकलं. खोकलं म्हंजे लई खोकलं. तवापास्नं घरचा फोन न्हाय घेत. हा कामाचा हाय म्हणून घेतला.”

“अहो, फोनमधून काही येतं का?” सिद्धाराम म्हणाला. बोलता बोलता तोंडातल्या सुपारीचा कण त्याच्या घशात गेला आणि त्याला ठसका लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो चांगलाच खोकला.

मोबाईलच्या पडद्यावर एकदम आभाळ दिसलं. फोन वाळूत पडला होता. नारळाची एक झावळी कोपऱ्यात हलत होती. पळणारी पावलं ऐकू आली आणि लांबून आवाज आला.

“साहेबांना कधीपास्नं हाय?”

“काही नाही हो! सुपारी अडकली.”

लाटांचा आवाज तेवढा येत होता. मग ज्ञानबा आणखी लांबून, ओरडून बोलला. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

“मॅडम, तुमी या. तुमास्नी कळतंय सगळं. पर एकट्याच या.”

फोन चालूच होता, पण पुन्हा कुणी तो उचलायला आलं नाही. सिद्धारामनं कॉल बंद केला. “डोकं फिरलंय बिचाऱ्याचं,” तो म्हणाला. “एजंटला सांगायला पाहिजे, याच्या घरच्यांना कळवा म्हणावं.”

शेजारची खुर्ची रिकामी होती. सुकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओढणी नाकावर धरून. डोळे मात्र शांत होते. दीड वर्षात एवढे शांत त्यानं पाहिले नव्हते.

“अहो,” ती हळूच म्हणाली. “तिकीट एकच काढा.”

सुपारीचा कण अजून त्याच्या घशात होता. डोळ्यांत पाणी आलं, तरी तो खोकला नाही.