जादा कपात

देवाप्पाने दोन पगारचिठ्ठ्या लेखा विभागातल्या नीलिमाच्या टेबलावरच्या काचेवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि दोन्हींच्या एकाच रकान्यावर बोट टेकवले. काचेखाली तिच्या मुलीचा, श्वेताचा, शाळेच्या गणवेशातला फोटो होता. तो चिठ्ठ्यांखाली गेला.

"अक्का, ही आमच्या यल्लव्वाची. ही शेजारच्या शिवलीलेची. काम एकच, पगार एकच. शिवलीलेचं दोनशे चाळीस कापलंय, हिचं सहाशे चाळीस. स्वल्प समजून सांगा की."

चपला दाराबाहेर काढून तो आत आला होता. आवाजात भांडण नव्हते. त्याच्यामागे दाराशी त्याची बायको यल्लव्वा उभी होती, कारखान्याच्या निळ्या झग्यात, मान खाली घालून. ती एकेक शब्द ऐकत होती, हे त्या मानेवरूनच कळत होते.

खरे उत्तर नीलिमाला ठाऊक होते, कारण चिठ्ठ्या तीच छापत असे. सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी दहा टक्क्यांवरून बारावर गेली. हाती येणारा पगार घटणार म्हणून बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यातल्या सगळ्या बायका कुरकुरल्या. एकटी यल्लव्वा जेवणाच्या सुट्टीत लेखा विभागात आली आणि आपले आणखी कापता येईल का, असे तिने विचारले. तिची मुलगी आठवीत होती. गावी देवाप्पाचे आणि त्याच्या भावाचे घर उभे राहत होते. पगाराचे पाकीट न फुटता तिकडे जात होते, विटांत आणि सिमेंटात मुरत होते. दहावीनंतर पोरीला शिकवायचे तर घराच्या हाती लागणार नाही असे काहीतरी कुठेतरी साठायला हवे होते.

स्वखुशीने जादा वर्गणी कापून घेता येते, असे नीलिमाने सांगितले. ती चिठ्ठीवर वेगळी दिसेल का, हा यल्लव्वाचा दुसरा प्रश्न होता. नियमाने दिसायला हवी होती. नीलिमाने दोन रकाने एकात मिळवले. शेजारणीची चिठ्ठी कुणी आणून ताडून पाहील, हे दोघींच्याही मनात आले नव्हते.

"शिवलीलाचं खातं जुनं आहे," नीलिमा म्हणाली. "यल्लव्वांचं नवं. नव्या खात्याला सरकार जास्त कापतं."

इतकी वर्षे आकडे जपणाऱ्या आपल्या तोंडून खोटे असे विनासायास, जणू पाठ केलेले असावे तसे बाहेर पडते, याचे तिला नवल वाटले.

देवाप्पाचे समाधान झाले नाही. तो शेजारच्या टेबलाकडे वळला. तिथे विभागाचे प्रमुख कृष्णमूर्ती बसत. पगारपत्रकावर शेवटची सही त्यांची. देवाप्पाने त्यांना तोच प्रश्न कन्नडमध्ये विचारला. नीलिमाने त्यांच्या कानावर काहीच घातलेले नव्हते. तिने पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा बसवले.

कृष्णमूर्तींनी चिठ्ठ्या मागून घेतल्या. चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही वाचल्या, सावकाश. मग त्यांनी नीलिमाकडे नव्हे, दाराशी उभ्या असलेल्या यल्लव्वाकडे पाहिले.

"सरी इदे," ते म्हणाले आणि चिठ्ठ्या परत केल्या.

"सरी आहे म्हणतात," देवाप्पा स्वतःशीच पुटपुटला. साहेबांनीच बरोबर म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तरी पैसे बुडणार तर नाहीत ना, हे त्याने विचारून घेतले. नीलिमाने सांगितले की व्याजासकट मिळतात. मध्येच काढायचे तर अर्ज यल्लव्वांचा लागतो, सही दुसऱ्या कुणाची चालत नाही.

"मग स्लॅब लांबला म्हणायचा," तो म्हणाला. थोडे थांबून, पोरगी अंगाने थोराड आहे, तिला इथे चिकटवून घ्याल काय, असेही त्याने विचारून पाहिले. अठरा पुरी झाल्याखेरीज कारखाना कुणाला घेत नाही, असे नीलिमाने सांगितले. हे मात्र खोटे नव्हते.

देवाप्पाने चिठ्ठ्यांची घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

"शिवलीलेला सोडायचं आन् नेमकं आमचंच कापायचं," चपला घालता घालता तो म्हणाला. "सरकारला काय पडलंय असं?"

यल्लव्वा अजून आतच होती. तिने मान वर केली होती आणि ती टेबलावरच्या मोकळ्या झालेल्या काचेखालच्या फोटोकडे पाहत होती.

"असू दे की," ती म्हणाली. "सरकारलाबी असंल एखादी लेक."